आत्यांना फोन लावा

नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसून बसून कंबरेचा भुगा झाला होता. मुलगी मांडीवर झोपलेली, तिच्या घामानं माझी ओढणी ओली. ती चालायला लागायच्या आत आमची दोन भाड्याची घरं बदलून झाली होती, आणि आताच्या मालकांनीही जागा रिकामी करायला सांगितली होती. आज सह्या झाल्या की ही वणवण संपणार होती.

आम्ही विकत घेत होतो ते घर एका म्हाताऱ्या आत्यांचं. गुडघ्यांमुळे त्या लांब बहिणीकडे राहायच्या. विकायचा अधिकार त्यांनी मुखत्यारपत्र करून भाच्याला दिला होता. कागद नोंदवलेला, शिक्क्यांचा, वकिलांनी दहादा दाखवलेला. आत्यांना मात्र आम्ही कोणीच पाहिलं नव्हतं.

"आत्या आहेत ना?" मी भाच्याला विचारलं.

"आहेत म्हणजे?"

"म्हणजे... हयात. देणारं माणूस गेलं की मुखत्यारपत्रही संपतं, असं वाचलंय मी."

नवऱ्यानं डोळे मिटले. "अगं, काय बोलतेस!"

भाचा मोठ्यानं हसला. "वहिनी, आत्या मला पोचवून मग जाईल. जेवण बघा तिचं!"

"मग फोन लावा. चेहरा दिसेल असा."

"तशी गरज नसते हो," वकील म्हणाले.

"मला आहे."

आधी छत दिसलं, मग एक कान, मग हसरा सुरकुतलेला चेहरा. माझा जीव भांड्यात पडला.

"अय्या, बाळ झोपलंय वाटतं! मागच्या खोलीत निजवत जा हो तिला, तिथे ऊन येत नाही. न्हाणीघराची कडी तेवढी जोरात ओढावी लागते. माझं कपाट मात्र हलवू नका. गुडघा बरा झाला की मी येतेच आहे, मग बघा तुम्ही दुसरीकडे. घाई नाही काही."

भाच्यानं पटकन फोन स्वतःकडे वळवला. "विसरते ती हल्ली," तो पुटपुटला.

"सही त्यांचीच आहे. कायद्यानं पक्कं आहे," वकील हळूच म्हणाले.

"असेल. मग सांगा की त्यांना, घर विकतोय म्हणून. आत्ता, आमच्यासमोर."

भाच्यानं फोन तोंडासमोर धरला. "आत्या, ऐक..."

"ऐकतेय की. बोल."

"...जेवलीस का?"

तेवढ्यात आमचा पुकारा झाला. नवरा फाईल घेऊन उठला आणि माझ्याकडे वळला. किती दमला होता तो. माझा चेहराही तसाच दिसत असणार. मी मान हलवली, नाही म्हणून. कारकुनानं पुन्हा हाक दिली. नवरा नुसताच उभा राहिला.

"पुढचे या!" कारकून ओरडला.

नवऱ्यानं फाईल काखेत मारली आणि मुलीला माझ्या मांडीवरून उचलून खांद्यावर घेतलं. माझे पाय पार बधिर झाले होते.

"मालकांकडे थोडी मुदत मागू," तो म्हणाला. "पण तू बोल त्यांच्याशी. माझ्यात आता त्राण नाही."