अंघोळीच्या हॉलमधली काळी पट्टी

वारसा हा शब्द मी तोवर फक्त भावाभावांच्या भांडणात ऐकला होता. त्यामुळे बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीवरच्या इमारती वारसा म्हणून वाचवायची समिती निघाली आणि तिची अध्यक्ष मी झाले, तेव्हा मला स्वतःलाच हसू आलं. खाणीत मी जन्मात उतरलेली नाही. जिन्यातला दिवा लावल्याशिवाय मी वरच्या मजल्यावरसुद्धा जात नाही. पण कुठल्याही सभेत सगळ्यांत शेवटी गप्प बसणारी मीच, म्हणून माळ माझ्या गळ्यात पडली.

खरं तर मला वारसाबिरसा काही वाचवायचा नव्हता. मला आमच्या ह्यांना घराबाहेर काढायचं होतं. खाण बंद झाली आणि हे स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले, ते बसलेच. "गॅस मोठा आहे. झाकण ठेव. कांदा करपतोय." आयुष्यभर जमिनीखाली राबलेला माणूस एकदम आपल्या खांद्यामागे येऊन उभा राहिला की काय होतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. पण एकदा सहज म्हणाले, "खाली कोण बोलतंय? तोंड उघडलं की धूळ. जे काय हसायचो ते वर येऊन, हॉलमध्ये." आणि मग दिवसभर गप्प. ते गप्प बसणं मला कांद्यापेक्षा जड गेलं. हॉल राहिला तर हा माणूस निदान तिथे तरी जाऊन बसेल, एवढाच माझा हिशेब.

हॉल म्हणजे अंघोळीचा हॉल. छताला विहिरीवर असतात तशा कप्प्या, त्यांवरून साखळ्या लोंबतात, प्रत्येक साखळीला आकडा. खाली उतरण्याआधी घरचे कपडे आकड्याला अडकवायचे, साखळी ओढून पार छताशी पाठवायचे आणि कुलूप लावायचं. काम संपवून वर आलं की भिंतीलगतच्या बाकावर टेकायचं, दम खायचा, मग अंघोळ, मग कपडे खाली. माणसांचा पाळणा खाणीत सोडणाऱ्या चाकाच्या मनोऱ्याला मंजुरी मिळून गेली होती. मनोरा काय, फोटोत छान येतो, तो सगळ्यांनाच आवडतो. हॉलचं अडलं होतं. ठेवायचा की पाडायचा, हे ठरवायला वारसा खात्याच्या अधिकारी बाई आल्या आणि बाकामागच्या भिंतीचेच फोटो काढत सुटल्या. त्या भिंतीवर खांद्याच्या उंचीची लांबच लांब काळी पट्टी होती. "पुन्हा येते, मग निर्णय," एवढंच बोलून गेल्या.

"बघितलंस?" जाऊबाई माझ्या कानाशी लागल्या. "घाणीचे फोटो काढून नेलेत. वर दाखवतील, म्हणतील, या बायकांना एक भिंत नीट ठेवता येत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणे यायच्या आधी घर आवरायचं, एवढी एकच विद्या मला येते. गल्लीतल्या सगळ्या बायका जमवल्या. धुण्याचा सोडा, गरम पाण्याच्या बादल्या, तारेचे ब्रश. खांदे भरून येईपर्यंत घासलं. काळे ओघळ दाराबाहेर गेले आणि भिंत दुधासारखी झाली. जिथपर्यंत हात पोचले तिथपर्यंत.

बाई पुन्हा आल्या. मी ह्यांनाही ओढून आणलं होतं, "अध्यक्षांचा नवरा म्हणून तरी चला." हे दारातच थांबले. खाण बंद झाल्यापासून आत पाऊल टाकलं नव्हतं.

"इथली पट्टी?" बाईंनी विचारलं.

"निघाली!" मी म्हटलं. "जाता जात नव्हती मेली. पण काढली."

बाई बाकावर मटकन बसल्या. "अहो ताई, ती पट्टी म्हणजे माणसांच्या पाठी होत्या. दमून टेकलेल्या पाठी. माझा सगळा प्रस्ताव तिच्यावर उभा होता. आता वर काय सांगू? हॉल तर कुठेही असतात."

"तरी मी हिला सांगत होते," जाऊबाई म्हणाल्या. सगळ्यांत मोठा ब्रश त्यांचाच होता.

मला कुठे तोंड लपवू असं झालं. कोळशाच्या खाणीतला कोळसाच धुऊन काढणारी अध्यक्ष! विहीर वाचवायला बसवलं असतं तर मी आधी पाणी उपसलं असतं.

तेवढ्यात हे आत आले. भिंतीजवळ गेले, तळवा फिरवला, तळव्याकडे पाहिलं.

"मॅडम, या हॉलचं काम काय होतं?"

"अंघोळीचं."

"म्हणजे काळं उतरवायचं. आम्ही सगळे इथे येऊन तेच करत होतो. ह्या बायकांनी भिंतीचंही उतरवलं. आणि आमच्या कपड्यांचं तर ह्या घरी उतरवतच होत्या. हिला कोळसा दिसला की हात थांबत नाही. सवय आम्हीच लावलेली, दोष हिला कशाला?"

इतकं लांबलचक ते माझ्या बाजूने लग्नातसुद्धा बोलले नव्हते. बाई हसायला लागल्या. हसता हसता मान वर गेली. साखळ्या, कप्प्या, छत, सगळं काळंकुट्ट होतं तसंच. "वरचं कसं राहिलं?"

"हात पुरला नाही," मी खरं ते सांगितलं.

"देवाची कृपा," बाई म्हणाल्या. "खाली धुतलेलं, वर न धुतलेलं. असं मांडून बघते. हॉल राहील बहुतेक. पण साखळ्या चालवून दाखवणारं कुणी तरी रोज इथे हवं."

"मला नाही जमायचं," हे म्हणाले. मग साखळी धरून थोडी ओढून पाहिली. करकरली. "उघडायचा किती वाजता?"

मी पिशवीतून हॉलची किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली.

"आणि तू," त्यांनी बोट रोखलं, "इथे फडकं घेऊन यायचं नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. आणि बाकावर त्यांच्यासाठी जागा करायला रुमालाने धूळ झटकली.

"अगं ए!"