आवडीचं काम

रीता नागपुरात मोबाइलवरचे खेळ बनवते म्हणजे नेमकं काय करते, हे मूल या तालुक्याच्या गावाजवळच्या तिच्या खेड्यात कुणालाच उमगलं नव्हतं. "खेळ म्हंजे लगोरी का वो?" असं बायका विचारायच्या. बटणाच्या फोनवर पोरं गाडी पळवतात ना, तसलं, असं ती सांगायची. मग पगाराचा प्रश्न यायचा, आणि उत्तर ऐकून माणसं विषय बदलायची. मूलच्या राइस मिलमधला हमालही तिच्यापेक्षा जास्त कमवत होता.

हे रीतालाही ठाऊक होतं. "दुसरीकडे दुप्पट मिळेल, इथे पैसा कमी पण काम मजेचं," असं मालकानं रुजू होतानाच सांगितलं होतं. तिनं डोळे उघडे ठेवून हा सौदा केला होता.

मोठा भाऊ अमर घुग्घुसला सिमेंट कारखान्यात पाळीवर होता. त्या उन्हाळ्यात तिथल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारं माणूस हवं होतं. रीता सुटीला आली तशी अमरनं तिला मोटरसायकलवर बसवलं आणि थेट साहेबांपुढे नेऊन उभं केलं.

साहेबांनी तिला कॉम्प्युटरवर बसवून पाहिलं. तिचं काम पसंत पडलं. "एक तारखेपासून या. सध्या काय करता?"

रीतानं फोन पुढे केला. इवल्याशा पडद्यावर मरळ मासा शेपटी मारत पळत होता, वरून बगळा झेपावत होता. त्या मरळाचं चित्र तिनंच काढलेलं होतं. त्याचं पोहतानाचं वळण जमेपर्यंत तिनं जेवणखाण विसरून काम केलं होतं. साहेब दोन डाव खेळले, दोन्ही हरले आणि हसले.

"छान आहे. पण हे काही जन्मभर करायचं काम नाही."

"मला तेच करायचंय, साहेब," रीता म्हणाली. "माफ करा, मी येत नाही."

परतीच्या वाटेवर अमरनं चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली. कोळशाचे ट्रक धूळ उडवत जात होते.

"कोनाकोनाच्या हातापाया पडलो मी तुयासाठी!"

"मले विचारलं होतं काय?"

"दुप्पट पगारावर लाथ मारली. बाबा जलमभर तलावातून मासोळ्या काढून राह्यला, अन् तू त्या फोनात घालून राह्यली!"

"हो. अन् त्या जित्या दिसते," रीता म्हणाली. "पगार कमी हाय ते मले समजते, दादा. महिन्याच्या शेवटी पोह्यावर राहा लागते ते मले, तुले नाई."

"मंग पैसे सरले तं मले फोन करू नोको."

"नाई करत."

ती नागपूरला परतली. त्याच आठवड्यात मालकानं सगळ्यांना गोळा केलं. धंदा मंद आहे, या महिन्यात अर्धाच पगार, असं सांगून तो वर म्हणाला, "तुम्ही काय पैशासाठी थोडंच करता? आवड आहे म्हणून करता."

माना खाली गेल्या. रीतानं मात्र मान वरच ठेवली. याच कामासाठी ती सख्ख्या भावाशी भांडून आली होती.

"सर, आवड माझी आहे. ती तुम्ही पगारातून कापायची नाही," ती उभी राहून म्हणाली. "कमी पगार ठरला होता, तो मी हसत घेते. अर्धा ठरला नव्हता."

"पटत नसेल तर दार उघडं आहे."

"मी जाणार नाही. इथेच बसेन, पण पुरा पगार होईपर्यंत काम करणार नाही."

तिनं कॉम्प्युटर बंद केला. शेजारच्या आदेशनं, मुलचेऱ्याकडच्या त्या अबोल पोरानं, आपलाही बंद केला. मग एकेक करत सगळेच बंद झाले. मालकानं आरडाओरडा केला, तुमच्यासारखे छप्पन मिळतील म्हणाला. पण गिऱ्हाइकाला कबूल केलेला खेळ अर्धवट पडला होता आणि तो पुरा करणारे छप्पन काही बाहेर उभे नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी पुरा पगार हातात आला. पुढच्या वर्षी वाढ मिळाली ती रीता सोडून सगळ्यांना. तरी ती तिथेच राहिली.

आईकडून सगळं ऐकून अमरनं स्वतःच फोन लावला.

"कमी पगाराची नोकरी सोडत नाई, अन् पगारासाठी मालकासंग भांडते. तुले पायजे तरी काय?"

"आवडीचं काम अन् ठरलेला पगार, दोन्ही," रीता म्हणाली.

अमर हसला नाही, पण त्यानं फोनही ठेवला नाही.