माणूस हजर करा

माझा नवरा कुलपं दुरुस्त करतो. एका दुकानात चोरी झाली, कुलूप न तुटता उघडलेलं होतं आणि ते बसवलं होतं यांनी. पोलिसांनी पुढे फार डोकं चालवलं नाही, यांनाच आत टाकलं. खटला अजून उभा राहिलेला नाही. "लोकांची कुलपं उघडता उघडता मीच कुलपात गेलो," असं हे काचेपलीकडून म्हणतात आणि वर हसतात. मला हसू येत नाही.

तुरुंग आमच्या गल्लीपासून जवळ, एवढंच बरं होतं. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेत, बसची पायरी चढवत नाही. पण दर गुरुवारी काठी टेकत त्या माझ्याबरोबर चालत यायच्या. मधे जाड काच, बोलायला फोन. आमच्या दुकानात दुरुस्तीला येऊन अडलेलं कुलूप कसं आहे ते मी सांगायचे आणि हे हवेत बोटं फिरवून आतली पट्टी कुठे सरकवायची ते दाखवायचे. सासूबाईंना फोनवरचं ऐकू यायचं नाही. त्या नुसत्या मुलाकडे बघत बसायच्या आणि खूश होऊन घरी यायच्या.

एका गुरुवारी फाटकावरचा शिपाई म्हणाला, "तो इथे नाही."

"मग कुठे आहे?"

"हलवलंय. कुठे ते मला माहीत नाही."

"माणूस आहे की टपालातलं पाकीट?" मी विचारलं. त्याने खिडकी लावून घेतली.

आमच्या वकीलबाईंनी हेबियस कॉर्पसचा अर्ज टाकला. आम्हाला समजेल असं सांगितलं: माणूस ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी तो कोर्टापुढे उभा करायचा आणि कुठल्या अधिकाराने ठेवलाय ते सांगायचं. सासूबाईंनी त्यातलं हवं तेवढं उचललं. कोर्ट बोलावून घेतंय म्हणजे सोडणारच. त्यांनी मुलाची गादी उन्हात टाकली, शेजारीपाजारी सांगून आल्या.

"आई, नुसतं हजर करणार आहेत," मी म्हटलं.

"तू कधी चांगलं बोलू नकोस," त्या म्हणाल्या.

कोर्टात हे आले ते दोन पोलिसांच्या मधे. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. पण जिवंत होते, आणि तोपर्यंत मला तेवढीही खात्री नव्हती. सरकारी वकील म्हणाले, इथे गर्दी झाली होती म्हणून लांबच्या तुरुंगात पाठवलं. न्यायाधीशांनी विचारलं, खटल्याच्या कोर्टाची परवानगी घेतली होती का? वकील कागद चाळायला लागले. घरच्यांना कळवलं होतं का? त्यांनी तेच कागद पुन्हा चाळले.

अटक कायद्याला धरून आहे, तेव्हा सुटका नाही, न्यायाधीश म्हणाले. पण परवानगीवाचून हलवणं चूक. आजच्या आज इथल्या तुरुंगात परत आणा.

वकीलबाईंनी माझा हात दाबला. आम्ही जिंकलो होतो. नवरा तुरुंगात परत येतोय म्हणून आनंदाने रडणारी बायको त्या इमारतीत दुसरी नसेल. मी मात्र पदर तोंडाला लावून भरपूर रडून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात पोलिसांनी जरा वेळ दिला. सासूबाई बाकावरून उठायला लागल्या. "चल, घरी चल," म्हणाल्या.

हे माझ्याकडे बघायला लागले. मग स्वतःच आईपुढे उकिडवे बसले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "घरी नाही गं आई. आपल्या इथल्या तुरुंगात. तू गुरुवारी ये."

आज मधे काच नव्हती. सासूबाईंनी मुलाच्या गालांवरून, केसांतून, मानेवरून सावकाश हात फिरवला, आणि मग त्याचा हात घट्ट धरून ठेवला. मला ते बघवेना.

"आजी, निघायला हवं," पोलीस म्हणाला.

"तिथे मला चालत येता येतं," त्या त्याला म्हणाल्या. "तिथेच ठेवणार ना? पुन्हा कुठे नेणार नाही?"

"नाही आजी. कोर्टाचा हुकूम आहे."

सासूबाईंनी मुलाचा हात आपल्या हातातून सोडवला आणि त्या पोलिसाच्या हातात दिला.

"मग ठेव," म्हणाल्या.