कैलासवासी जयंतरावांचा सूड

सुडाची प्रतिज्ञा करणाऱ्याने शेंडी मोकळी सोडावी आणि शत्रूचा निःपात होईपर्यंत तिला गाठ मारू नये, ही आपली प्राचीन आणि तेजस्वी परंपरा आहे. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या जयंत परचुऱ्यांना ती पाळायची फार इच्छा होती. पण डोक्यावर सोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून त्यांनी चहातली साखर सोडली. ती सोडा असं डॉक्टर कधीपासून कानीकपाळी ओरडत होते, ही क्षुल्लक बाब त्यांनी प्रतिज्ञेच्या आड येऊ दिली नाही.

शत्रूचं नाव सुधीर कर्णिक. मुक्काम फ्रँकफर्ट, पोटापाण्याला बँकेतले कॉम्प्युटर, स्वभाव मनमोकळा. मनमोकळा म्हणजे, मनात आलं की ते भर सभेत बोलून मोकळा.

आदल्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जयंतरावांनी आपल्या जपान सहलीचे फोटो पडद्यावर दाखवले होते. मोटारींच्या कारखान्यात जन्म काढल्यावर निवृत्तीनंतर केलेली ती पहिली चैन. टोकियो-बिकियो सगळेच बघतात, म्हणून ते मुद्दाम आतल्या भागात गेले होते. किनोसाकी नावाच्या गरम झऱ्यांच्या गावात, चटयांच्या खोल्यांच्या सरायीत राहिले होते. तिथे पाहुण्यांना सुती अंगरखा देतात, युकाता म्हणतात त्याला. तो घालून नदीच्या पुलावर उभ्या जयंतरावांचा फोटो आला, तेव्हा सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. आणि मागच्या रांगेतून सुधीरचा आवाज आला.

"जयंतराव, अंगरख्याचा उजवा काठ वर घेतलात तुम्ही!"

"मग?"

"जिवंत माणूस डावा काठ वर घेतो. उजवा वर घेतात तो फक्त प्रेताला. आमच्या हपिसातला जपानी बघेल तर फुलं घेऊन येईल!"

सभागृह हसून हसून लोळलं. त्या संध्याकाळपासून जयंत परचुरे हे 'कैलासवासी' झाले. दिवाळीला कुणी विचारी, "काय कैलासवासी, तब्येत काय म्हणते?" संक्रांतीला कुणी म्हणे, "कैलासवासींना तिळगूळ द्या रे, लांबून आलेत." त्यांच्या पत्नी कुंदाताईंनाही एकदा हसू फुटलं, ते त्यांनी शिंकेत लपवलं. ते जयंतरावांना दिसलं.

ही पदवी उतरवायची, आणि उतरवून थेट सुधीरच्या डोक्यावर ठेवायची, एवढंच आता त्यांच्या आयुष्याचं ध्येय उरलं. त्यांनी जपानी शिष्टाचाराचा अभ्यास सुरू केला. भातात जेवणाच्या काड्या उभ्या खोचू नयेत, न्हाणाच्या टाकीत साबण नेऊ नये, चटईवर सपाता घालून पाऊल टाकू नये. एका कामासाठी ड्युसेलडॉर्फला गेले, तेव्हा तिथल्या जपानी खानावळीत बसून लोक जेवतात कसे ते त्यांनी इतक्या टक लावून पाहिलं की, सूपमध्ये काही निघालंय का, अशी मालकिणीने येऊन चौकशी केली.

आणि हिवाळ्याच्या शेवटाला देव पावला. सुधीरचाच फोन आला.

"जयंतराव, आम्ही पण जपानला निघालो! आतलाच भाग बघायचाय. राहायचं कुठे ते सांगा. तुमच्याइतका अनुभव कुणाला? अगदी पलीकडचा!"

जयंतरावांनी फोनचा रिसीव्हर गळा दाबावा तसा दाबला. पण आवाजात मध ओतला.

"देवळात राहा."

"देवळात?"

"कोयासान. डोंगरावर मठ आहेत, पाहुण्यांना ठेवून घेतात. आल्झो, हे बघा, संस्कृती बघायची असेल तर दुसरीकडे जाऊच नका. चांगले आठवडाभर राहा."

कुंदाताई कणीक मळत ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "अहो, तिथे मटण-मासे काही मिळत नाहीत ना? सुधीरभावजींना त्याशिवाय रविवार सुना जातो."

"गेनाऊ! अगदी तेच," जयंतराव म्हणाले.

"आणि पहाटे उठवतात म्हणे प्रार्थनेला. ते तर नऊच्या आधी उठत नाहीत."

"गेनाऊ."

"आणि जमिनीवर बसायचं. त्यांचे गुडघे..."

"गेनाऊ!" असं म्हणून जयंतराव जे हसले, ते पाहून कुंदाताईंनी कणकेत पाणी जास्त घातलं.

कर्णिक मंडळी गेली आणि आली. मे महिन्यात त्यांनी घरीच फोटो बघायला सगळ्यांना बोलावलं. ऑटोबानवर जयंतराव गुणगुणत गाडी चालवत होते. सुधीर लंगडत दार उघडेल, अंगाने निम्मा झालेला असेल, आणि सगळ्यांसमोर विचारेल, कुठे पाठवलंत हो मला? मग आपण म्हणायचं, का? जिवंत माणसांना झेपलं नाही का?

दार मालिनीने उघडलं. सुधीरची बायको. तिने कमरेत वाकून नमस्कार केला. दाराशी करड्या सपातांची रांग होती.

"या भावजी. बूट इथे, पाय या सपातांत. जपानहून आल्यापासून नवीन नियम! आणि टॉयलेटमध्ये तिकडच्यासारख्याच हिरव्या प्लॅस्टिकच्या आहेत, त्या तिथल्या तिथेच. बाहेर आणायच्या नाहीत हं, तिकडे ते महापाप!"

"आमच्या आजोळीही संडासाच्या चपला वेगळ्याच होत्या," कुंदाताई म्हणाल्या. "त्यासाठी जपानला कशाला जायला हवं?"

"मला नियम सांगू नका," जयंतराव म्हणाले. "मला सगळे पाठ आहेत."

दिवाणखान्यात मंडळातली यच्चयावत मंडळी दाटीवाटीने बसली होती. भिंतीवर चादर लावली होती, ऑफिसातून आणलेला बीमर, म्हणजे प्रोजेक्टर, गुरगुरत होता. पुढच्या खुर्चीत पुण्याहून आलेल्या सुधीरच्या आई, मनोरमाबाई. आणि सुधीर? तो लंगडत नव्हता. चांगला तुकतुकीत दिसत होता.

दिवे मालवले. चादरीवर डोंगर चढणारी केबल कार आली. आकाशाला टेकलेले देवदार, त्यांच्या सावलीत शेवाळलेल्या समाध्या, दगडी दिवे.

"या दगडावरची अक्षरं बघ, आई. संस्कृत! आणि हा देवळातला पहाटेचा फोटो. उठवलं तेव्हा चडफडत गेलो. बघतो तर काय, भटजी अग्नीत आहुती टाकतायत! साक्षात होम! आपल्याकडूनच गेलाय तो, गोमा म्हणतात."

मनोरमाबाईंनी चादरीला हात जोडले.

"जेवण म्हणजे टोफू, तीळ, रानभाज्या, लोणची. मटण आठवलंही नाही! आणि रोज संध्याकाळी गरम पाण्याच्या टाकीत बसायचं. गुडघे बघा!" असं म्हणून सुधीर उकिडवा बसला आणि कशालाही न धरता उठला. टाळ्या पडल्या. "हे सगळं कुणामुळे? आपल्या कैलासवासींमुळे! अहो, स्वर्गाचा पत्ता त्यांच्याशिवाय कोण देणार?"

घर हादरलं. कुंदाताईंनी या वेळी शिंकेची तसदीसुद्धा घेतली नाही.

जयंतराव उठले आणि अंधारात चाचपडत टॉयलेटमध्ये गेले. आत आरशासमोर उभं राहून त्यांनी दात आवळले. इतके महिने फिका चहा प्यायला तो या माणसाचे गुडघे बरे करायला? नाही. अजून फोटो संपले नव्हते. कुठेतरी चुकलाच असेल. माणूस आहे तो, आणि त्यातून कर्णिक. एक काडी, एक साबण, काहीतरी.

"आता शेवटचे दोनच!" बाहेरून सुधीरचा आवाज आला. जयंतराव तोंडावर पाणी मारून जसे होते तसे धावले.

आणि देव दुसऱ्यांदा पावला. चादरीवर मठातली खोली होती. कागदी सरकती दारं, पिवळसर चटया, आणि चटईच्या मधोमध हसत उभा सुधीर. पायांत हिरव्या प्लॅस्टिकच्या सपाता.

"थांबव!" जयंतराव गरजले. "तिथेच थांबव! दिवे लावा! सगळ्यांनी नीट बघा!"

"काय झालं हो?" कुंदाताई घाबरल्या.

"काय झालं? विचारा या संस्कृतीच्या ठेकेदाराला! त्या सपाता कसल्या आहेत? संडासातल्या! संडासातल्या सपाता घालून हा माणूस देवळातल्या चटईवर उभा आहे! यापेक्षा मेलेला माणूस परवडला! तो निदान जागा सोडून हिंडत नाही!"

सुधीरने चादरीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा खरोखरच उतरला. मालिनीने "अगं बाई" म्हणून तोंडावर हात ठेवला. मागे कुणीतरी "बरोबर आहे की!" असंही म्हणालं. इतक्या महिन्यांच्या बिनसाखरेच्या चहाला त्या एका क्षणात गोडी आली. जयंतरावांनी छाती पुढे काढली, उजवा हात वर केला आणि गालिच्याच्या मधोमध सरसावून उभे राहिले.

तेवढ्यात कुणीतरी दिवे लावले.

सगळे जयंतरावांकडे बघत होते. म्हणजे चेहऱ्याकडे नव्हे. जरा खाली. आणखी खाली. कुंदाताईंनी डोळे मिटून घेतले. सुधीरच्या उतरलेल्या चेहऱ्यावर हळूहळू, पहाट व्हावी तसा, उजेड यायला लागला. जयंतरावांनीही मग खाली पाहिलं. गालिच्यावर त्यांचे पाय होते, आणि पायांत प्लॅस्टिक. हिरवं.

कुणी हसायच्या आत मनोरमाबाई खुर्चीचा हात धरून सावकाश उठल्या आणि त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"जयंतराव, तुमचं बोलून झालं असेल तर तेवढ्या सपाता द्या हो. मी मघापासून खोळंबल्येय."