गुलाबी बियाणं

आमच्या घरी गॅस आला तो माझ्या हट्टानं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यातनं अंग काढून घ्यायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आणि ते मला जमलं नाही.

इकडं कानडी मुलुखात, कुंभारवाड्याच्या पुढं रस्ता सोडून जंगलात आत गेलं की आमची पाच घरं लागतात. नवरा, परशुराम, गणेशगुडीला एका लॉजवर कामाला आहे, महिन्यातनं दोनदा घरी येतो. बाकी घरात मी आणि सासू, गिरजा. तिला मी आत्या म्हणते. चुलीच्या धुरानं माझी छाती भरायची, खोकून खोकून जीव नकोसा व्हायचा. दिवाळीनंतर शेगडी आली आणि चूल थंड झाली. आत्यानं नुसतं वर बघितलं.

वर, चुलीच्या बरोबर डोक्यावर, वाशाला मुडे टांगलेले होते. मुडा म्हणजे पेंढ्यात गोल, घट्ट आवळून बांधलेलं बियाण्याचं भात. एरवी आमच्याकडं एकच मुडा असतो. पण गेल्या साली करपा आला, लोंब्या मानेतनं मोडल्या आणि चारी घरांच्या पदरात नुसते पोचट दाणे पडले. आमचं खाचर वरच्या अंगाला, वाऱ्यावर, म्हणून वाचलं. मग आत्यानं पाच मुडे बांधले, घराला एक. अडीनडीला बी द्यायचं ते आमच्या घरानं, हे सासऱ्यांच्या आज्यापासनं चालत आलेलं. तिला त्याचा केवढा तोरा!

कापणीत अवकाळी पाऊस लागला होता आणि भात दमटच मुड्यात गेलं. "धूर सुकवील," आत्या म्हणाली होती. दरसाल सुकवायचाच. यंदा धूर कुठला? खाली मी गॅसवर चहा करत होते.

चैत्रात वास यायला लागला. आधी भिजलेल्या पोत्यासारखा, मग जड, घशात बसणारा. मी शिडी लावून एका मुड्यात बोट खुपसलं. आत ऊब होती, तापकऱ्याच्या अंगासारखी. बोट बाहेर काढलं तर नखात काळी भुकटी.

"आत्या, मुड्यात बुरशी लागल्या. सोडून उन्हात घालूया."

"रोहिणी निघाल्याबिगर मुडा सोडायचा न्हाई. सोडला तर शेत रुसतंय."

"मग चूल तरी पेटवू?"

"पेटव की. आता आठवण झाली व्हय?"

आठ दिवस मी चूल पेटवली, डोळ्यांतनं पाणी काढलं. वास हलला नाही.

शेवटी तालुक्याला, जोयड्याला, शेतकी खात्याच्या केंद्रावर गेले. तिथल्या साहेबांनी औषधाची पूड दिली आणि कानडीत नीट समजावलं. पेरणीआधी ही बियाण्याला चोळायची. पण ही बुरशी मारते, मेलेलं बी जिवंत करत नाही. आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवायचे. ऐंशीच्या खाली उगवले तर ते बी टाकून द्यायचं. "आमच्याकडं बियाणं आहे," ते म्हणाले, "पण थोडं आहे. पुढच्या शनिवारपर्यंत नावं द्या. नंतर काही सांगता येणार नाही."

घरी येऊन बांबूच्या बारीक कामटीनं मी प्रत्येक मुड्यातनं वीस दाणे ओढून काढले. फडकं रोज भिजवलं. गुरुवारी उघडलं तेव्हा नऊ दाण्यांना मोड होते. बाकीच्यांवर हिरवीकाळी लव.

आत्यानं ते नऊ दाणे दोनदा मोजले. फडकं परत गुंडाळलं.

"शनवारी नावं द्याय पायजेत, आत्या. पाची घरांची."

"ह्या घरानं बी दिलंय. मागाय कवा गेलं न्हाई."

"लोकांचं वरीस जाईल हो."

"मग सांग जा. त्या एकल्या यमुनाच्या दारात जा आणि सांग, माझ्या शेगडीनं तुझं बी मारलं. जा की!"

मी गेले नाही. इथंच मी अडकले, आणि आत्याला ते ठाऊक होतं. आमच्या पाच घरांत बाईनं चूल विझवली आणि बी मेलं ही गोष्ट माझ्या मरणानंतरही कुणी विसरलं नसतं. शनिवारी मी अंगण सारवलं. गरज नव्हती तरी दोनदा सारवलं.

रोहिणीच्या आदल्या संध्याकाळी आत्यानं दार लावून घेतलं आणि स्वतःच्या हातानं पाची मुडे सोडले. शेत रुसायची भीती तिला आता उरली नव्हती. भात ढेकळं होऊन पडलं. आम्ही दोघींनी तोंडाला फडकी बांधून ती ढेकळं फोडली, हातानं चोळली. मग जिनं आजवर औषधाची पुडी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती, तिनं सगळीच्या सगळी पूड त्यावर ओतली. खालीवर करत राहिली. काळं, हिरवं सगळं झाकलं गेलं. बियाणं गुलाबी झालं, रंगपंचमीच्या रंगासारखं. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला अजून शिसारी येते.

सकाळी चारी घरं टोपल्या घेऊन आली. यमुनाक्का सगळ्यात शेवटी. तिला ना नवरा ना मूल, एक खाचर आणि एक म्हातारी म्हैस.

"ह्यो रंग कसला गं, गिरजाक्का?"

"औषध हाय. औंदा करपा येऊ ने म्हणून."

"माझ्यासाठनं एवढं केलंस!" तिनं टोपलीला कपाळ टेकवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "उगवंल न्हवं, सुनयना?"

"व्हय की, यमुनाक्का," मी म्हणाले.

नऊ दिवस मी तिकडं फिरकले नाही. दहाव्या दिवशी राहवलं नाही. तिच्या तरव्याच्या, भाताच्या रोपांच्या वाफ्यात चिखल होता, काळा आणि सपाट. गुलाबी रंग धुऊन गेला होता. कडेला चारदोन हिरवी टोकं, बस्स. यमुनाक्का बांधावर पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन पाखरं राखत बसली होती. पहाटेपासनं बसत असणार, पदर दवानं भिजला होता.

"ये, बस," ती म्हणाली. "तुझ्या सासूच्या औषधाचा गुण बघ. इतकं दिस झालं, एक पाखरू उतरलं न्हाई. उगवाय जरा उशीर हाय, पर दाणा न् दाणा हाय तिथंच हाय."

मी तोंड उघडलं. घशात तोच वास होता, मुड्यातला.

"म्हशीला पाणी दावून येतो," ती उठत म्हणाली. "तवर वाजव जरा."

तिनं डबा माझ्या हातात दिला. ती दिसेनाशी होईपर्यंत आणि त्याच्यानंतरही मी तो वाजवत बसले.