घाट्याचं मीठ

"अक्का, मीठ देख ना व! घाटा व्हत उना," शेजारच्या लताबाईने चुलीपासून हाक मारली आणि चाटू धरून बसलेल्या सगळ्या बायका खाटेकडे बघू लागल्या.

खाटेवर धुरपदाबाई पाय वर घेऊन बसली होती. शिंदखेड्याच्या या गल्लीत उन्हाळ्यात वाळवणाचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, कुणाच्याही घरचे असोत, पिठाच्या शिजत्या घाट्याचं मीठ तीच चाखायची. तिने 'बेस शे' म्हटलं की मगच पातेलं उतरायचं. तिच्या जिभेवर गल्लीचं वर्षभराचं तोंडीलावणं ठरायचं.

"माले बंद शे आते," धुरपदाबाई म्हणाली.

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. संक्रांतीनंतर तिचे पाय सुजले, म्हणून धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, किडन्या निम्म्याहून जास्त थकल्यात, पुन्हा पहिल्यासारख्या होणार नाहीत, आहेत तेवढ्या जपायच्या. मीठ जवळजवळ बंद. पापड, लोणचं, बिबडे, सगळंच गेलं.

जपायचं काम हेमांगीवर आलं. येणारच होतं. लग्न राहून गेलेली, वडिलांच्या मागे पिठाची गिरणी चालवणारी लेक घरात असताना दुसरं कोण जपणार? गोळ्या तिने द्यायच्या, तपासणीला तिने न्यायचं, आणि अळणी भाजी तिनेच ताटात वाढायची. म्हातारी पहिल्या घासाला तोंड वाकडं करायची ते हेमांगीकडे बघूनच. हेमांगी स्वतःही तीच भाजी खायची. दोन माणसांसाठी दोन पातेली कोण चढवणार, असं ती स्वतःला सांगायची. पण 'तू कसाले अळणी खास?' असं आईने एकदाही विचारलं नाही, हे तिच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

आणि ती डिंपल! भाऊ योगेंद्र धुळ्याला नोकरीला. त्याची ही बायको रविवारी यायची, दोन सफरचंदं आणायची, सासूचे पाय चेपायची, की म्हातारीचा चेहरा खुलायचा. "डिंपलना हात कसा मऊ शे!" हेमांगीचे हात गिरणीत राबून खरबरीत झाले होते. ते कुणी बघितले? डिंपलचं नुसतं हसणं ऐकलं तरी हेमांगीच्या अंगाची आग व्हायची. आपण लहान मुलीसारखं करतोय हे कळायचं, पण आग काही विझायची नाही.

"मंग कोण चाखी?" लताबाईने विचारलं.

धुरपदाबाईने अंगणभर नजर फिरवली. आज रविवार, डिंपलही बायकांत बसली होती. नजर हेमांगीवर थांबली, आणि पुढे सरकली.

"डिंपल चाखी."

सगळ्यांसमोर! हेमांगीच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. ती ताडकन उठली आणि लताबाईच्या हातातून चाटू घेतला.

"मी चाखस. घर मन्हं, चूल मन्ही!"

तिने गरम घाटा बोटावर घेऊन जिभेवर ठेवला. मीठ जिभेला झोंबलं.

"भरपूर पडनं. आते चिमूटभरबी नका टाका," तिने ठणकावलं.

लताबाई मिठाचा डबा बंद करायला गेली, तेवढ्यात डिंपलने बोटभर घाटा चाखला. ती घुटमळली. मग हळूच म्हणाली, "ताई, मला जरा अळणी वाटतंय."

"तुले काय कळस? हॉटेलनी शेवभाजी खाईसन तुन्ही जीभ बिघडी गई!"

लताबाईनेही चाखलं. "अळणीच शे व, पोरी," ती खाली बघत म्हणाली.

कुणी हसलं नाही, हेच हेमांगीला जास्त लागलं. चाटू पातेल्यात सोडून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"तिले कोणी बोलू नका," खाटेवरून आवाज आला. "तिन्ही जीभ बिघाडी ती मीच. तीन महिना व्हयनात, मन्हा बरोबर अळणी खास ती. तिले आते जे खाय ते बठ्ठंच खारं लागस. म्हनीसन मी डिंपलले सांगं."

हेमांगी वळली. "तुले दिसे?"

"आंधयी नही मी."

"मंग एकदाबी बोलनी नही!"

धुरपदाबाई पदराचं टोक चुरगाळत राहिली. "तू मीठ खावाले लागनी का मी एकली पडसू," ती म्हणाली. "म्हनीसन बोलनी नही."

डिंपलने मीठ टाकलं, चाखलं, आणि पातेलं उतरलं. ओल्या लुगड्यावर दुपारपर्यंत बिबडे पडले. पुढच्या घरच्या घाट्यालाही बायका डिंपललाच बोलावून घेऊन गेल्या, आणि हेमांगीला ते सोसलं असं नाही. ती गिरणीचा पट्टा उगाचच दोनदा काढून बसवत राहिली.

संध्याकाळी डिंपल धुळ्याला गेल्यावर मायलेकी जेवायला बसल्या. धुरपदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, फळीवरचा मिठाचा डबा काढला आणि हेमांगीच्या ताटात डाव्या बाजूला चिमूटभर मीठ वाढलं. स्वतःच्या ताटात ती जागा रिकामीच होती.

"माले नको, माय."

"खाय."

म्हातारी आपल्या ताटाला हात लावेना, तेव्हा हेमांगीने भाकरीचा तुकडा मिठाला टेकवून तोंडात घातला. धुरपदाबाई तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"कसं लागस?"

"खारं."

"बेस शे?"

हेमांगीने आणखी एक तुकडा मिठाला टेकवला. "बेस शे," ती म्हणाली.

धुरपदाबाईने मान हलवली, आणि आपल्या ताटातल्या अळणी भाजीशी भाकरी खायला लागली.