शाबासकीपायी गेलेली सात मेंढरं

तो कप काढा आधी. मी स्टूल नाही. लस नेणारी थंड पेटी बोलतेय. घनसावंगी तालुक्यातल्या एका सरकारी पशुदवाखान्यात राहते.

मी नवी असताना इथले पशुधन पर्यवेक्षक श्रीपती मला खांद्याला लावून निघायचे. पावसाळ्याच्या तोंडावर मेंढ्यांना आंत्रविषार होतो, मेंढी पाहता पाहता जाते. म्हणून आधीच लस टोचायची. त्या वर्षी श्रीपतींनी एकही मेंढवाडा सोडला नाही. गाडी जाईना तिथे चिखल तुडवत गेले. माझ्यातला बर्फ विरघळू नये म्हणून डोक्यावरचा रुमाल मला पांघरला. त्या हंगामात एकही मेंढी दगावली नाही.

मग जिल्ह्याला सत्कार झाला. दुसऱ्याचाच! ज्याने अहवालाला रंगीत फोटो लावले होते त्याचा. श्रीपती परतले, मला कोपऱ्यात सारलं आणि शिपाई पुंजारामला म्हणाले, "राबणारा अन् बसणारा, वर दोघं बराबर. मंग कशाला मरायचं?"

तेव्हापासून सगळंच थंड पडलं, फक्त मी सोडून. माझ्यावर फायली चढल्या. झाकणाची कडी तुटली, कोणी पाहिलीही नाही. हजेरी मात्र रोज वेळेवर!

यंदा मे महिन्यात मेंढपाळ बिरू आला. "सायेब, औंदा सुई कधी?"

"येतो की सोमवारी."

असे तीन सोमवार गेले. लस फ्रिजमध्ये होती, मी इथे होते, श्रीपतीही इथेच होते. मग अडलं कुठे?

जूनमध्ये बिरूची बायको वच्छलाबाई दारात उभ्या राहिल्या. "सात गेली, सायेब. सांजंला चरून आल्ती, सकाळी ताठ. सुई असती तर वाचली असती का न्हाई? खरं सांगा."

श्रीपती टेबलावरचे कागद सारखे करत बसले.

नव्या डॉक्टर सुहासिनी मॅडम हे ऐकत होत्या. बाई गेल्यावर त्यांनी जुनं लसीकरण रजिस्टर काढलं. "तीन वर्षांपूर्वी एकही मेंढी गेली नव्हती. हे तुम्ही केलंत?"

"हो."

"कोणी काही म्हणालं?"

"न्हाई."

"मग मी म्हणते. फार चांगलं काम होतं. आणि यंदाचं तितकंच वाईट."

श्रीपती उठले. मग फायली बाजूला सारून त्यांनी मला ओढलं आणि झाकणाला सुतळी बांधली. एवढ्याशा वाक्यासाठी तीन वर्षं! अहो, वरच्या साहेबांनो, वेळेत दोन शब्द बोलला असतात तर तुमचं काय गेलं असतं? आणि श्रीपती, माणसाला शाबासकी लागते, कबूल. पण मेंढरांनी तुमचं काय वाकडं केलं होतं?

आम्ही थेट बिरूच्या मेंढवाड्यात गेलो. वच्छलाबाईंनी एक मेंढी गुडघ्यांत दाबून धरली आणि म्हणाल्या, "टोचा. उरलेल्यांना तरी."

अजून नऊ मेंढवाडे राहिलेत. आभाळ भरून आलंय, ते कुणाच्या सत्कारासाठी थांबणार नाही. चला, जल्दी करा.